गोळी गिळल्यावर किती वेळाने मळमळतं?

प्रश्न असा आला आहे: "आई ४८ वर्षांची आहे, सोलापुरात घरी बसून विड्या वळते. हिमोग्लोबिन ८.४ आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि व्हिटॅमिन डीची पावडर लिहून दिली. भाऊ जिमला जातो, त्याने झिंक असलेली मल्टिव्हिटॅमिन आणून दिली. सकाळी चहाबरोबर ती सगळं एकदम घेते आणि अर्ध्या तासात मळमळायला लागतं. दोनदा उलटीही झाली. शेजारच्या बायका म्हणतात गोळ्या गरम पडतायत. बंद करू का?"

ताई, लोहाची गोळी बंद करू नका. बाकीच्या सगळ्या आठवडाभर बाजूला ठेवल्या तरी चालतील, पण ८.४ हिमोग्लोबिन असताना लोह सोडणं आईला परवडणारं नाही. मी डॉक्टर आहे, सोलापूरच्या पूर्व भागात बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आहे. घराघरांत लोहाच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, आणि कारण विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं, "मळमळतं हो मॅडम." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत असतानाचा हा आकडा आहे. म्हणून मळमळीला मी किरकोळ तक्रार समजत नाही. ती सुटली नाही तर उपचारच होत नाही.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे "अर्ध्या तासात". मळमळ किती वेळाने येते यावरून ती कुठून येते याचा चांगला अंदाज बांधता येतो. गोळी गिळल्यावर पंधरा मिनिटं ते तासाभरात आली तर गडबड जठरात असते. दोन-तीन तासांनी पोट फुगून, गुडगुडून आली तर आतड्यात. आणि गोळीच्या वेळेशी काही संबंध नसताना, कित्येक आठवडे गोळ्या घेतल्यावर, दिवसभर मंद मळमळ राहायला लागली तर प्रश्न रक्तात किंवा यकृतात असू शकतो. पहिल्या दोन प्रकारांत घेण्याची पद्धत बदलून काम होतं. तिसऱ्यात गोळ्या थांबवून तपासणीच करावी लागते.

आईची मळमळ पहिल्या प्रकारातली दिसते. जठराच्या आणि आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तरात काही खास पेशी असतात. अस्तराला एखादा पदार्थ झोंबला की त्या सेरोटोनिन सोडतात. आपल्या शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन मेंदूत नसून पचनमार्गात असतं. त्याने व्हेगस नावाची मज्जातंतू चाळवते, निरोप मेंदूच्या देठापर्यंत जातो आणि तोंडाला पाणी सुटून मळमळायला लागतं. विषारी काही पोटात गेलं तर ते बाहेर टाकायची ही शरीराची सोय आहे. लोहाचे किंवा झिंकचे क्षार रिकाम्या जठरात एका जागी विरघळले की तिथे त्यांची तीव्रता इतकी वाढते की हीच यंत्रणा जागी होते. शेजारच्या बायकांना जे दिसलं ते खरं आहे, आईला त्रास होतोच आहे. फक्त तो गोळीच्या गरमपणामुळे होत नाही आणि आईच्या प्रकृतीला लोह चालत नाही असाही त्याचा अर्थ नाही.

लोहाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे. गोळीच्या पाकिटावर दोन आकडे असू शकतात. एक पूर्ण क्षाराचा आणि दुसरा त्यातल्या प्रत्यक्ष लोहाचा, म्हणजे 'एलिमेंटल आयर्न'चा. बघायचा तो दुसरा. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या फेरस अॅस्कॉर्बेटच्या गोळीत बहुधा १०० मिलिग्रॅम लोह असतं. यातलं शरीर शोषून घेतं ते थोडंच. उरलेलं आतड्यात तसंच पुढे सरकतं, अस्तराला झोंबतं, काहींना बद्धकोष्ठ करतं तर काहींना जुलाब, आणि शौचाला काळं होतं ते त्यामुळेच. म्हणजे डोस वाढवला की रक्त त्या प्रमाणात वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. शिवाय लोहाचा एक मोठा डोस पोटात गेला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचा साधारण एक दिवस आतडं लोहाला दार लावून घेतं. २०१७ साली स्वित्झर्लंडमध्ये लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतल्यास लोहाचा जास्त हिस्सा शोषला जातो. त्यामुळे ज्यांना रोजची गोळी सोसत नाही त्यांना मी एक दिवसाआड द्यायला कचरत नाही. पण गरोदर बाई किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेली व्यक्ती यांनी हा बदल स्वतःच्या मनाने करू नये.

आता भावाने आणलेली गोळी. सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो तिच्यावर. झिंक सल्फेट एकेकाळी मुद्दाम उलटी करवण्यासाठी औषध म्हणून दिलं जायचं, इतकं ते जठराला झोंबतं. कोरोनाच्या काळात ५० मिलिग्रॅम झिंकच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या आणि सकाळी उठल्या उठल्या गिळून "अॅसिडिटी वाढली" म्हणत येणारे पेशंटही तेव्हाच वाढले. मोठ्या माणसासाठी रोजच्या झिंकची सुरक्षित कमाल मर्यादा साधारण ४० मिलिग्रॅम मानतात. भावाची गोळी तरुण, धडधाकट, व्यायाम करणाऱ्या मुलासाठी आहे. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' छापलेलं सापडेल, म्हणजे ते औषध नव्हे असं कंपनीच सांगते आहे. आणि लोह आणि झिंक एकाच वेळी मोठ्या डोसमध्ये गेले की शोषणासाठी एकमेकांना अडवतात. आईला झिंक कमी असल्याचं कुणी तपासून सांगितलेलं नसेल तर ती गोळी भावाला परत द्या.

पण ताई, मला गोळ्यांइतकीच आईच्या सकाळची काळजी वाटते. तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारते: आई मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावते का? आपल्याकडे विड्या वळणाऱ्या कितीतरी बायकांची सकाळ मिश्रीने सुरू होते. मग कोरा किंवा दुधाचा चहा, मग गोळ्या, आणि लगेच सूप मांडीवर घेऊन कामाला. पोटात रात्रीपासून काही नसतं. तंबाखूतलं निकोटिन हिरड्यांतून काही मिनिटांत रक्तात जातं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र थेट चाळवतं. विड्या वळताना हातांच्या कातडीतून आणि उडणाऱ्या धुळीतूनही ते थोडंथोडं शरीरात जातच असतं. सवय झालेल्या बाईला एरवी ते जाणवत नाही. पण त्यात लोह, झिंक आणि चहा असं सगळं एकाच वेळी रिकाम्या जठरात पडलं की मळमळ येणारच, आणि खापर फुटतं ते लोहावर. चहाचा आणखी एक तोटा म्हणजे त्यातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. उलटी झाली नाही तरी चहाबरोबरच्या गोळीचा मोठा भाग वायाच जातो.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. आई कंबरेसाठी, मानेसाठी दुखण्याची गोळी घेते का? तासन्तास एका बैठकीत वाकून काम करणाऱ्या बायका, यंत्रमागावर उभे राहणारे पुरुष, किराणा दुकानातून सुद्धा एकेक गोळी आणून खातात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिनच्या जातीच्या या गोळ्या जठराचं अस्तर सोलतात. त्यातून मळमळ तर होतेच, पण थोडंथोडं रक्तही झिरपत राहतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. म्हणजे एकीकडे रक्त वाढायची गोळी आणि दुसरीकडे रक्त घालवणारी, असं महिनोन् महिने चालतं. हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, कारण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. लोहामुळे शौचाला काळपट-हिरवट होणं ठीक. पण डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं झालं तर तो रक्तस्राव असू शकतो. त्याच दिवशी सिव्हिलला जा. तसंच ४८ व्या वर्षी पाळी जास्त जाते का, मूळव्याधीतून रक्त पडतं का, हेही बघायला हवं. लोह भरताना ते कुठून गळतंय याचा शोध घेतला नाही तर सगळी मेहनत फुकट.

मळमळ थांबावी म्हणून लोक मध्येच "गॅसची गोळी" सुरू करतात. पँटोप्राझोल किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादी, रोज सकाळी, महिनोन् महिने. जठरातलं आम्ल कमी झालं की बरं वाटतं हे खरं, पण लोह आणि कॅल्शियम कार्बोनेट दोन्ही विरघळायला तेच आम्ल लागतं. डॉक्टरांनी कारणासाठी दिली असेल तर घ्यावी. लोह सोसण्यासाठी म्हणून घेऊ नये.

मग घ्यायचं कसं? पुस्तकात लिहिलेलं असतं की लोह रिकाम्या पोटी सर्वांत चांगलं शोषलं जातं. ते बरोबर आहे. पण उलटून पडलेली गोळी शून्य टक्के शोषली जाते. आईसाठी मी दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतरची वेळ निवडेन. अर्धी भाकरी, थोडी भाजी पोटात गेल्यावर, लिंबू पिळलेल्या ग्लासभर पाण्याबरोबर एक गोळी. ज्वारीतल्या फायटेटमुळे, म्हणजे धान्यातल्या लोह बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे, शोषण थोडं घटेल. लिंबातलं क जीवनसत्त्व त्यातलं बरंच भरून काढतं. चहा आणि दूध गोळीपासून निदान दोन तास लांब ठेवा. रात्री घेतल्याचा फायदा असा की थोडी मळमळ आलीच तर ती झोपेत निघून जाते. मात्र गोळी गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. दोन घोट पाण्यावर घेतलेली लोहाची किंवा व्हिटॅमिन सीची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते आणि छातीत जळजळतं. भरपूर पाणी, आणि निदान अर्धा-एक तास बसून किंवा घरात हिंडून मगच अंथरूण.

उपासाच्या दिवशी काय, हा प्रश्न आपल्याकडे हटकून येतो. सोमवार असेल तर संध्याकाळी उपास सोडल्यावर गोळी घ्यावी. निर्जळी किंवा दिवसभराची एकादशी असेल तर त्या दिवशी गोळी चुकली तरी काही बिघडत नाही. साबुदाण्यावर किंवा नुसत्या चहावर मात्र रेटू नका. आणि डाळिंबाबद्दल: आपल्या जिल्ह्याचं डाळिंब जरूर खावं, पण त्याने रक्त वाढतं म्हणून गोळी सोडणं चुकीचं आहे. ८.४ वरून वर यायला लागतं तेवढं लोह डाळिंबातही नसतं आणि बिटातही नसतं.

कॅल्शियम लोहाबरोबर कधीच देऊ नका, दोघांत काही तासांचं अंतर हवं. कार्बोनेट असेल तर जेवल्यावर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. आई थायरॉइडची गोळी घेत असेल तर ती आणि लोह-कॅल्शियम यांत चार तास तरी जाऊ द्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर मळमळ तिच्यामुळेही असू शकते, आणि दीर्घकाळ घेतल्यास तिने बी१२ उतरतं, त्यानेही रक्तक्षय होतो.

दोन-तीन तासांनी येणाऱ्या मळमळीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती भावाला लागू पडेल. मॅग्नेशियम आणि मोठ्या डोसमधलं व्हिटॅमिन सी आतड्यात पाणी ओढून घेतात, पोट ढवळतं आणि पातळ होतं. प्रोटीन पावडर बहुतेक दुधाच्या व्हेपासून, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीपासून, बनते. तिच्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, आणि मोठेपणी ते न पचणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतल्या तर दिवसभर वासाचे ढेकर येतात. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींत कॅफिन ठासून भरलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना त्याने घाम, धडधड आणि मळमळ एकदम येते.

तिसरा प्रकार मात्र नीट वाचा, कारण आईच्या चिठ्ठीत व्हिटॅमिन डीची पावडर आहे. ती पुडी बहुधा ६०,००० युनिटची असते आणि आठवड्यातून एकदाच, ठरावीक आठवडे घ्यायची असते. मोठ्या माणसासाठी रोजची सुरक्षित मर्यादा ४,००० युनिट धरतात. चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही किंवा दुकानदाराने घाईत सांगितलं म्हणून ती रोज दुधातून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. सुरुवातीला काहीच होत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि भूक जाते, सतत मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, तहान आणि लघवी वाढते, माणूस मंद होतो. उन्हाळा असला तर सगळे म्हणतात ऊन लागलंय, आणि पुडी चालूच राहते. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे बंद केल्यावरही ते उतरायला बरेच दिवस जातात, आणि तोवर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आजच आईच्या पुड्या मोजा. किती दिवसांत किती संपल्या ते बघा. रोज जात असेल तर लगेच थांबवून कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि व्हिटॅमिन डीची रक्ततपासणी करून घ्या. शेवटचा डोस कधी घ्यायचा हे चिठ्ठीत नसेल तर डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

याच गटात यकृताला होणारी इजा येते. वजन कमी करण्याच्या ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल, गार्सिनिया, अश्वगंधा, मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या जोरदार डोसच्या गोळ्या, या सगळ्यांनी क्वचित का होईना, यकृताला सूज आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. जेवणातली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला दाट अर्क वेगळा. अन्नाचा वास नकोसा होणं, मळमळ, लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर सगळी पूरकं त्या क्षणी बंद आणि यकृताची तपासणी. झाडपाल्याचं आहे, मुरेल, म्हणून वाट बघायची नाही.

घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट हात जोडून सांगते. लोहाच्या गोळ्या लाल, गोड आवरणाच्या असतात, मुलांना त्या चॉकलेटसारख्या वाटतात. वजनाच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. १० किलोच्या मुलासाठी हे म्हणजे सरकारी गोळ्यांची एक दहाची पट्टी. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं झाल्यासारखं वाटतं आणि त्यानंतर एकदम कोसळतं. त्या मधल्या बऱ्या वाटण्याला फसू नका. गोळ्या खाल्ल्याची शंका जरी आली तरी रिकामी पट्टी हातात घेऊन थेट सिव्हिल गाठा. पट्टी उंच, कुलपाच्या कपाटात ठेवा. फडताळात मिठाच्या बरणीशेजारी नको.

आता आईसाठी क्रम. पहिला आठवडा फक्त लोह, रात्रीच्या जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. मिश्री आणि गोळी यांत जमेल तितकं अंतर, आणि सकाळी काही खाल्ल्याशिवाय मिश्री नाही, एवढं तरी आधी जमवा. मळमळ थांबली की कॅल्शियम दुपारच्या जेवणावर परत सुरू करा, चार-पाच दिवस बघा. एकेक वस्तू अशी वाढवली की दोषी कोण ते आपोआप कळतं. सगळ्या एकदम सुरू केल्या तर कधीच कळणार नाही. जेवणानंतर घेऊनही मळमळत असेल तर डॉक्टरांना कमी लोहाची गोळी किंवा एक दिवसाआडचा डोस मागा. फेरिक पॉलिमाल्टोज नावाचा प्रकार पोटाला सौम्य असतो, रक्त मात्र जरा हळू वाढवतो. आतड्यात उशिरा विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या कमी झोंबतात, पण लोह जिथे शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भाग मागे पडल्यावर त्या विरघळतात, म्हणून मी त्या फारशा देत नाही.

महिन्याने हिमोग्लोबिन परत तपासा. गोळी नीट पोटात जात असेल तर ते निदान १ ग्रॅमने वर आलेलं दिसायला हवं. आकडा १२ वर पोहोचल्यावरही पुढे साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, कारण तोवर शरीरातला साठा रिकामाच असतो. आणि हे सगळं करूनही आईला गोळी सोसलीच नाही, किंवा आकडा जागचा हलला नाही, तर शिरेतून द्यायचं लोह मिळतं, आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज. ते दवाखान्यात, देखरेखीखालीच घ्यायचं. ओपीडीत जाताना आईच्या सगळ्या पट्ट्या, पुड्या, भावाचा डबा आणि दुखण्याच्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. डॉक्टरांना मग तुम्हाला फार काही विचारावं लागणार नाही.